चार रिव्ह्यूंचं दुकान

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेले शब्द आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.)



आजचा भाग जरा वेगळा आहे. दरवेळी आपण एखादं टूल, एखादी लायब्ररी, नाहीतर नोकरीतला एखादा किस्सा घेतो. आज मी एका पेठेबद्दल बोलणार आहे. कसबा पेठ, पुणे. आणि त्या पेठेतल्या दुकानांना लोक फोनवर जे स्टार देतात, त्याबद्दल. शेवटी माझी स्वतःची एक चूक पण सांगणार आहे. ती ऐकायची असेल तर शेवटपर्यंत थांबा.

सुरुवात कशी झाली? सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याची भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली. मी राहते पिंपरीकडे. त्यामुळे गाडी न काढता, पार्किंग न शोधता थेट कसबा पेठ स्टेशनला उतरता यायला लागलं. पुण्यात पार्किंग न शोधणं म्हणजे काय सुख असतं, ते ज्याने शोधलंय त्यालाच कळेल. मग शनिवारी सकाळी उठायचं, कसब्यात उतरायचं आणि भटकायचं, असा नाद लागला.

कसबा म्हणजे पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. कसबा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत. इथल्या गल्ल्यांची नावं बघा: तांबट आळी, कुंभारवाडा. धंद्यावरून गल्लीला नाव. म्हणजे आपण आज फोनवर जे ‘कॅटेगरी’ म्हणून फिल्टर लावतो ना, ते या लोकांनी रस्त्यालाच लावून ठेवलंय.

आता मी पडले इंजिनियर. भटकता भटकता डोक्यात किडा आला. या पेठेतल्या सगळ्या दुकानांचे रिव्ह्यू एकत्र करून बघितले तर पेठ कशी दिसेल? कुठलं दुकान लोकांना आवडतं, लोक कशावर चिडतात, कशाचं कौतुक करतात?

पहिला प्रश्न, डेटा आणायचा कुठून? तुमच्यापैकी अर्धे जण आत्ता मनात म्हणत असतील, ताई, एक स्क्रिप्ट लिही, सगळं खेचून घे. नाही. एक तर नकाशावाल्या कंपन्यांच्या अटींमध्ये ते बसत नाही. आणि गुगलच्या अधिकृत एपीआयमधून एका जागेचे जास्तीत जास्त ५ रिव्ह्यू मिळतात. पाचावर कसला अभ्यास करणार? मग मी सरळ जुना मार्ग धरला. एक शीट उघडली आणि दर शनिवारी एकेका गल्लीतले रिव्ह्यू स्वतः वाचून नोंदवायला लागले. दुकानाचा प्रकार, स्टार किती, भाषा कुठली, तक्रार कशाबद्दल, कौतुक कशाबद्दल. लिहिणाऱ्यांची नावं मी शीटमध्ये घेतलीच नाहीत, कारण मला त्यांची गरज नव्हती.

हे काम कंटाळवाणं आहे. पण एक सांगते, हाताने वाचल्यामुळे जे कळलं ते स्क्रिप्टने कळलं नसतं.

मशीनला मराठी कळत नाही, ते कसं?

गंमत म्हणून मी एक तयार मॉडेल घेतलं, जे वाक्य वाचून सांगतं की बोलणारा खूश आहे की नाराज. म्हटलं, माझा त्रास वाचेल. एका मिसळीच्या दुकानाखाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘नाद खुळा, जाळ नुसता!’ मॉडेल म्हणालं, ग्राहक नाराज. दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘विषय हार्ड’. मॉडेल गोंधळलं. ‘खतरनाक चव’ बघून तर त्याने धोक्याचीच घंटा वाजवली.

आणि मग आपलं पुणेरी प्रकरण. ‘मालकांनी वेळात वेळ काढून आम्हाला वस्तू विकली, त्याबद्दल आभारी आहोत.’ मॉडेल म्हणतं, अत्यंत समाधानी ग्राहक! आता याला कोण समजावणार?

त्यातून लोक मराठी लिहितात तीन-चार प्रकारांनी. कोणी देवनागरीत, कोणी रोमन लिपीत, आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं. ‘भारी’ हा एक शब्द मला सहा वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेला सापडला. शेवटी मी ते मॉडेल बंद केलं आणि चहा करून परत वाचायला बसले.

सगळ्यांनाच चार-साडेचार कसे?

तुम्ही पण बघितलं असेल. नकाशावर कुठलंही दुकान उघडा, ४.१, ४.३, ४.५. सगळी दुकानं हुशारच! असं कसं?

याच्यावर अभ्यास झालेला आहे. ऑनलाइन रेटिंगचा आलेख काढला तर तो इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो. पाच स्टारचा ढीग, एक स्टारचा छोटा उंचवटा आणि मध्ये खड्डा. २००९ मध्ये हू, पावलू आणि झांग या तीन संशोधकांनी याची दोन कारणं मांडली. एक, जो माणूस वस्तू विकत घेतो त्याला ती आधीच आवडण्याची शक्यता जास्त असते. आणि दोन, बरं-वाईट टोकाचं वाटलं तरच माणूस लिहायला बसतो. ठीकठाक वाटलं की तो घरी जातो, जेवतो, झोपतो.

आता स्वतःला विचारा. तुम्ही ज्या किराणावाल्याकडे गेली दहा वर्षं जाता, त्याला कधी रिव्ह्यू दिलाय? नाही ना? मी पण नाही. ज्याच्यावर आपला सगळ्यात जास्त भरवसा, त्याच्याबद्दल आपण एक अक्षर लिहीत नाही.

मग स्टार वाचायचे कसे? एक छोटी युक्ती सांगते. समजा, एका दुकानाला ५.० रेटिंग आहे पण रिव्ह्यू फक्त २. दुसऱ्याला ४.४ आहे आणि रिव्ह्यू ४००. कुठलं वर? नुसता आकडा बघितला तर पहिलं. पण ते दोन रिव्ह्यू मालकाच्या भाच्याचे आणि पुतण्याचे असू शकतात!

म्हणून काय करायचं, प्रत्येक दुकानाला आपल्या मनाने १० सरासरी रिव्ह्यू द्यायचे. समजा त्या भागाची सरासरी ४.१ आहे. पहिल्या दुकानाचं गणित: १० गुणिले ४.१ म्हणजे ४१, अधिक त्याचे दोन पाच-पाच म्हणजे १०. झाले ५१. भागिले १२. उत्तर ४.२५. दुसऱ्याचं: ४१ अधिक १७६०, भागिले ४१०. उत्तर साधारण ४.३९. दुसरं वर गेलं. याला बेझियन सरासरी म्हणतात. नाव मोठं आहे, पण आपल्या आज्या हेच करतात. ‘एकदा जेवून काय कळतंय, चार वेळा जा मग सांग.’

मी माझ्या शीटला हे लावलं आणि लय खूश झाले. यादी एकदम शहाण्यासारखी दिसायला लागली. आणि मग पुढच्या शनिवारी ती यादी घेऊन मी गल्लीत गेले.

नकाशावर नसलेली पेठ

तांबट आळीत शिरलात की आधी आवाज येतो. ठक-ठक, ठक-ठक. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारतात, त्याला माठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि त्या छोट्या छोट्या खळग्यांवर उजेड पडून भांडं चमकतं. पूर्वी याच हातांनी बंब, घंगाळी, हंडे घडवले. आता त्याबरोबर दिवे, तसराळी, शोभेच्या वस्तू पण होतात.

आता माझ्या शीटमध्ये बघा. या भागातल्या रिव्ह्यूंमध्ये एक मोठा गट हेरिटेज वॉकला आलेल्यांचा. फोटो छान येतात, जुनं पुणं, वगैरे. पाच स्टार. दुसरा गट, ‘फार आवाज’. अरे, तांबटाच्या आळीत आवाज नाही येणार तर काय बासरी येणार?

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की मी एका बोळात फोन हातात धरून दुकानं मोजत चालले, आणि नकाशावर जेवढी दिसत होती त्याच्या दुपटीहून जास्त प्रत्यक्षात होती. बाकीची फोनवर नाहीतच. का नाहीत? मी दोन-चार ठिकाणी विचारलं. एक जण म्हणाले, “आमचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार. ते वीस वर्षांपासून येतात. त्यांना नकाशा कशाला?” म्हणजे जो माल घडवतो तो डेटामध्ये नाही, आणि जो लक्ष्मी रोडला काचेच्या कपाटात ठेवून विकतो तो डेटामध्ये आहे.

तेव्हा मला जरा खाली बसल्यासारखं झालं. मी म्हणत होते ‘कसबा पेठेचा डेटा’. तो कसबा पेठेचा डेटा नव्हताच. कसब्यात येऊन, फोन काढून, लिहावंसं वाटलेल्या लोकांचा डेटा होता. मिसळीला ढीगभर, कारण खाणारे तरुण. शेजारच्या सदाशिव, नारायण पेठेतल्या मेसना भरपूर, कारण एमपीएससीची मुलं. आणि कल्हईवाल्याला चार.

हां, आता येते माझी चूक.

माझा एक स्टार

तक्रारींचे गट पाडताना मी एक स्टारवाले सगळे वेगळे काढले होते. छोट्या दुकानांच्या एक स्टारमध्ये एक गोष्ट सारखी दिसत होती. मालाबद्दल, कामाबद्दल तक्रार कमीच. जास्त करून ‘बंद होतं’, ‘वेळ चुकीची’, ‘पत्ता सापडला नाही’, ‘नीट बोलले नाहीत’. म्हणजे दुकानाच्या आत काय झालं यापेक्षा दाराबाहेर काय झालं याबद्दल.

त्या यादीत एक कल्हईचं दुकान. एकूण चार रिव्ह्यू. पाच, पाच, चार आणि एक. एक स्टारवाल्याने इंग्रजीत लिहिलं होतं, कायम बंद असतं, अजिबात व्यावसायिकता नाही. मी शीटमध्ये ‘तक्रार: बंद’ असं टाइप केलं. आणि वर बघितलं तर नावाशेजारी फोटो माझा.

खरंच. २०१९ मधला. नोकरीचं पहिलं वर्ष. आईने आजीचं पितळी पातेलं दिलं होतं, कल्हई करून आण म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच असं आंबट ठेवलं की ते कळकतं, विषारी होऊ शकतं. म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात, ती कल्हई. तो थर झिजतो, मग परत करावी लागते. तर मी दोनदा गेले, दोन्ही वेळा दुपारी, दोन्ही वेळा कुलूप. नकाशावर तर लिहिलेलं, सकाळी दहा ते रात्री आठ. उन्हात स्कूटरवर बसल्या बसल्या एक स्टार ठोकला आणि घरी आले. पातेलं माळ्यावर गेलं. मी विसरले.

आता गणित बघा. पाच, पाच, चार, एक. बेरीज १५, भागिले चार, ३.७५. फोनवर दिसतं ३.८. माझा एक स्टार नसता तर १४ भागिले तीन, म्हणजे ४.७. एका माणसाच्या रागाने जवळपास एक स्टार गेला. परत साडेचारवर यायला त्या दुकानाला ओळीने सहा जणांचे पाच-पाच स्टार लागले असते. पाच वर्षांत सहा सोडा, एकही आला नव्हता. आणि हाच माझा एक स्टार ४००० रिव्ह्यूवाल्या हॉटेलला दिला असता तर? ४.३ चं ४.३ च राहिलं असतं. त्यांना डास चावल्याइतकं पण कळलं नसतं.

बरं, एका स्टारने काय फरक पडतो? २०११ मध्ये मायकल लुका नावाच्या हार्वर्डच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटचा अभ्यास केला. येल्प या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं त्याला दिसलं. त्याने युक्ती छान केली होती. येल्प तेव्हा सरासरी जवळच्या अर्ध्या स्टारला नेऊन दाखवायचं. म्हणजे ३.२४ चे दिसायचे तीन आणि ३.२६ चे साडेतीन. जेवण जवळपास सारखंच, दिसणारा आकडा वेगळा. त्या दोघांची तुलना केली. आणि गंमत म्हणजे हा फरक स्वतंत्र, एकट्या मालकाच्या रेस्टॉरंटना पडला. मोठ्या साखळीवाल्यांना नाही. कारण साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं.

सिएटलचं रेस्टॉरंट आणि कसब्यातली कल्हई यात फरक आहे, मान्य. माझ्यामुळे त्यांचं नक्की किती गिऱ्हाईक गेलं हे मी सांगू शकत नाही. ते मोजताच येणार नाही, कारण जो आलाच नाही त्याची नोंद कुठे असते? पण मला त्या रात्री झोप नीट लागली नाही, हे खरं.

पातेलं घेऊन परत

पुढच्या शनिवारी माळ्यावरून पातेलं काढलं आणि सकाळी साडेनऊला गेले. दुकान उघडं. काका भट्टीपाशी बसलेले. पातेलं तापवलं, आत नवसागराची पूड टाकली, भसकन पांढरा धूर. मग कथील लावलं आणि कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवलं. काळंकुट्ट भांडं डोळ्यांसमोर चांदीसारखं झालं. मी बघतच राहिले.

मग धीर करून विचारलं, “काका, दुपारी दुकान बंद असतं का हो?”

“दुपारी मी इथं कशाला असेन? देवळांची, कार्यालयांची मोठी पातेली, ती काय कोणी रिक्षातून आणतंय? आम्हीच जातो तिकडं. भट्टी तिथंच लावायची.”

म्हणजे दुकान बंद होतं, कारण ते कामावर होते. आणि मी लिहिलं होतं, व्यावसायिकता नाही.

“पण फोनवर तर दहा ते आठ दाखवतं.”

“कोणी लिहिलं ते? आम्ही नाही लिहिलं.”

कोणी लिहिलं, देव जाणे. नकाशावर दुकान कोणीही टाकू शकतं, वेळेत बदल कोणीही सुचवू शकतं. मालकाने ताबा घेतला नाही तर ते तसंच राहतं.

मग मी सगळं सांगून टाकलं. फोन काढून त्यांना माझा रिव्ह्यू दाखवला, मराठीत करून वाचला. म्हटलं, काका, आत्ता काढून टाकते.

ते हसले. म्हणाले, “अहो ताई, काढता कशाला? दोनदा आलात, दोनदा कुलूप होतं, ते खोटं आहे का? फक्त कधी उघडं असतं ते लिहा. म्हणजे पुढचा माणूस उन्हातान्हात हेलपाटा घालणार नाही.”

“मग काय वेळ लिहू?”

“सकाळी नऊ ते साडेबारा नक्की. त्यानंतर ज्याचं त्याचं नशीब.”

मी विचारलं, फोन नंबर टाकू का? तर म्हणाले, “नको. हात कथलात असतो, उचलणार कोण? मग त्याचा आणखी एक स्टार यायचा!”

मी तिथेच उभं राहून रिव्ह्यू बदलला. या वेळी मराठीत. दोन्ही वेळा दुपारी बंद का होतं, सकाळी कधी जायचं, काम कसं झालं, सगळं लिहिलं. वेळ बदलायची सूचना पण नकाशावर टाकली. आणि स्टार? पाच द्यायचा फार मोह झाला. पण पाच दिला असता तर ती माझ्या अपराधीपणाची किंमत झाली असती, कामाची नाही. काम पाचचंच होतं. पण दारावर वेळेची पाटी नाही, आणि त्यामुळे माणसाचा हेलपाटा होतो, हे आजही खरं आहे. म्हणून चार दिले. पाच, पाच, चार, चार. सरासरी ४.५. काकांना सांगितलं तर म्हणाले, “चालतंय.” आणि पुढचं भांडं घेतलं.

जाता जाता

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी एक मानक आणलं, आयएस १९०००. ते ऐच्छिक आहे. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का, रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे छापायचे, हे सगळं त्यात आहे. खोट्या रिव्ह्यूंच्या विरोधात ते हवंच. पण माझा एक स्टार खोटा नव्हता हो. माणूस खरा, अनुभव खरा, तारीख खरी. तरी तो चुकीचा होता, कारण मी जे बघितलं ते लिहिलं नाही. मी बघितलं होतं कुलूप. मी लिहिलं माणसाबद्दल.

त्यामुळे मी आता तीन गोष्टी पाळते. पहिली, रागात असताना लिहीत नाही, रात्रभर थांबते. दुसरी, ज्या दुकानाला दहापेक्षा कमी रिव्ह्यू आहेत तिथे एक स्टार देण्याआधी मालकाशी एकदा बोलते. आणि तिसरी, महिन्यातून एकदा, ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं जाते अशा एकाबद्दल लिहिते. खोटं कौतुक नाही. काय मिळतं, कधी मिळतं, चांगलं काय, बरं नाही ते काय. आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीला मागच्या आठवड्यात पहिला रिव्ह्यू मिळाला. माझा. दळण बारीक, गप्पा जाड, असं लिहिलंय. गिरणीवाल्या मावशींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, जाड काय गं, आम्ही काय वाईट बोलतो का?

तुम्हाला एक गृहपाठ. आज घरी जाताना तुमच्या गल्लीतली दुकानं फोनवर मोजा, मग पायी चालत मोजा. दोन आकड्यांमधला फरक काय आला ते मला कळवा. आणि जमलं तर तुमचे स्वतःचे जुने एक स्टार एकदा उघडून वाचा.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कल्हई करायची असेल तर सकाळी साडेबाराच्या आत जा.